गावात कोणी परदेशी नाही

“महाजन, ही बाई हवेत विरली की काय?”

साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर आपटली. ती अशी आपटली, की शेजारच्या टेबलावरचा माणूस भूकंप झाला समजून टेबलाखाली शिरला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. खरं तर तो खाली पडलेलं पेन शोधत होता. पण साहेबांचा आवाज मोठा होता, हे खरं.

फाइलवर नाव होतं मारिसेल. नागरिकत्व फिलिपिन्स. पत्ता भडगावच्या पुढचं गिरणाकाठचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाने माझ्या खात्याशी जे केलं ते लेखी सांगण्यासारखं नाही.

आत त्या हद्दीतल्या ठाण्याचा रिपोर्ट होता. “सदर पत्त्यावर नमूद परदेशी महिला राहत नाही, तसेच गावात कोणीही परदेशी व्यक्ती नसल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले.”

“साहेब, ही बाई तिथेच राहते,” मी म्हणालो. “मी या टेबलावर आल्यापासून, चार वर्षं, माझ्याकडे येतेय.”

“मग रिपोर्ट खोटा?”

“रिपोर्ट लिहिणाऱ्याला गावाने जे सांगितलं ते त्याने लिहिलं असणार.”

“म्हणजे अख्खं गाव खोटं?”

मी गप्प बसलो. माझ्यासारख्या माणसाने गप्प बसणं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे साहेब ओळखून होते. म्हणाले, “आठ दिवस. आठ दिवसांत मला बाई दाखवा, नाहीतर अर्ज बंद करायला पाठवतो.”

माझी नोकरी पोलिसातली. पण चोराच्या मागे धावल्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. (आहेत, पण त्या दुसऱ्याच्या आहेत.) मी बसायचो परदेशी नागरिकांच्या टेबलावर. जळगाव जिल्ह्यात परदेशी माणूस कुठून येणार, असं लोकांना वाटतं. येतात. कोणी कारखान्यात मशीन बसवायला येतो, कोणी शिकायला, कोणी लग्न करून. सहा महिन्यांच्या वर राहणाऱ्याला नोंद करावी लागते. ती नोंद, त्याची मुदत, त्याचा पत्ता, हे सगळं माझ्याकडे.

व्हिसा म्हणजे देशात राहायची मुदतीची परवानगी. मुदत संपायच्या आधी वाढवून मागायची. अर्ज ऑनलाइन जातो, फिरत फिरत आमच्याकडे येतो, आम्ही ठाण्याला विचारतो: हा माणूस सांगितल्या जागी राहतो का? ठाण्यातला जमादार जाऊन बघतो. ‘राहतो’ आलं की कागद पुढे सरकतो. ‘राहत नाही’ आलं की अर्ज बंद. मग तो माणूस कुठे सापडलाच तर त्याला मिळते लीव्ह इंडिया नोटीस. अमुक दिवसांत देश सोडा. त्यावर पुन्हा भारतात यायची दारंही बहुतेक बंद होतात.

मारिसेलची गोष्ट अशी. गावचा प्रमोद पाटील मस्कतला एसी मेकॅनिक होता. ही तिथेच एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. दोघांनी तिकडे रीतसर लग्न नोंदवलं. मग प्रमोदच्या आईची, अक्काची, नजर गेली. आधी एक डोळा, मग दुसराही. घरात दुसरं कोणी नाही. तेव्हा दोघं तान्ही पोर घेऊन गावी आली आणि अक्काच्या हट्टाने दुसऱ्यांदा लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले, प्रमोदने अंगठीने त्यात सुनेचं नवं नाव लिहिलं: प्रतिभा. आपल्याकडे नवरीचं नाव बदलतात तसं बदललं. त्या दिवसापासून ती गावाला प्रतिभा. मारिसेल हे नाव फक्त पासपोर्टवर आणि माझ्या रजिस्टरमध्ये.

पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आली तेव्हा मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून विचारलं, “हाऊ डू यू फाइंड अवर क्लायमेट?” ती अस्सल अहिराणीत म्हणाली, “ऊन भलतं शे भाऊ.” माझ्या हातून शिक्का पडला. शिक्का पडला हे खरं आहे, पायावर पडून नख गेलं हे मी नंतर जोडलेलं.

लग्नाला दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात कायम राहायची परवानगी, मागता येतं. ते असलं की दरवर्षीची ही धावाधाव संपते. मी प्रमोदला प्रत्येक खेपेला सांगायचो. तो म्हणायचा, “करू ना भाऊ, कापूस निघू द्या.” पण त्याला घाई नव्हती. मागल्या वर्षी धुळ्याहून येताना हायवेवर तो गेला. नवरा गेला की ते कार्ड मागता येत नाही. आता तिला राहायचं तर सासरच्या आधारावर, एकेक वर्षाची मुदत मागून. पोरगी सहा वर्षांची, भारतीय. सासू आंधळी, भारतीय. घरात परदेशी एकटी तीच, आणि घर तिच्यावर.

मी तिच्या मोबाइलवर फोन लावला.

“हॅलो भाऊ, मी प्रतिभा बोलस.”

“कुठे आहेस तू?”

“घरच शे. काय झालं?”

“तुझ्याकडे मध्ये पोलीस आले होते?”

“नाही. बँकेचा माणूस आला होता म्हणे. मी शेतात होती. अक्काने परत पाठवलं.”

मला हवं ते कळलं: तो बँकेचा नव्हता, आमचा जमादार होता.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात गेलो. अक्काच्या घराच्या ओट्यावर आबा बसले होते. आबा म्हणजे गावचे माजी सरपंच, पाटलांचे शेजारी. बाजूला चार माणसं. मी मुद्दाम विचारलं, “आबा, गावात कोणी परदेशी बाई राहते का? मारिसेल नावाची?”

“परदेशी?” आबांनी टोपी मागे सारली. “भाऊ, आम्हना गावमा जळगावना माणूस वाट चुकीसन येस. परदेशी कोठून येई?”

“कोनीच नही,” बाकीचे एका सुरात.

एवढ्यात दारातून मारिसेल चहा घेऊन आली. पदर डोक्यावर. “भाऊ, साखर कमी टाकेल शे, तुमले शुगर शे ना,” म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला. ओट्यावर अशी शांतता पसरली की खाली बांधलेली म्हैसदेखील रवंथ करायची थांबली. चार माणसं चार दिशांना बघू लागली.

मी चहा संपवला. मग थाप मारली. “आबा, आता वर आकाशातून फोटो निघतात. दिल्लीत बसून साहेबलोकांना तुमच्या दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसतं. कोण राहतं, कोण नाही, सगळं.”

आबांनी एकदा आकाशाकडे बघितलं. मग मान खाली घातली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मोबाइलवर निरोप फिरत होते की बाहेरच्या देशातल्यांना पकडून नेताहेत. त्यात खाकी माणूस दारात. गावाने काही न ठरवता एकच ठरवलं. जमादाराने ज्यांना विचारलं त्यातल्या अर्ध्यांनी डोळ्यात बघून खोटं सांगितलं. उरलेल्या अर्ध्यांनी खरंच सांगितलं, कारण मारिसेल हे नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शिवाय आणखी एक घोळ. आबांनी सरपंच असताना मोठ्या मायेने तिचं नाव रेशनकार्डात चढवलं होतं. प्रतिभा प्रमोद पाटील. परदेशी माणसाचं नाव तिथे चालत नाही. आबांना हे माहीत होतं. “ते नाव चौकशीमा बाहेर निंघी गयं ते तिले देशमाईन काढी टाकतीन, आसं वाटनं,” ते म्हणाले.

मी खिशातून रिपोर्टची झेरॉक्स काढली आणि वाचून दाखवली. मग साध्या भाषेत सांगितलं. “सरकारने विचारलं, ही इथे राहते का. तुम्ही सांगितलं, नाही. आता सरकार म्हणतं, राहत नाही तर परवानगी कशाला? तुम्ही तिला लपवलं नाही आबा, तुम्ही तिला घालवलं.”

आतून काठीचा आवाज आला. अक्का चौकटीला धरून उभी राहिली.

“कोन शे? पोलीस शे का?” तिने विचारलं. “मी तिले देवाव नही.”

मी म्हणालो, “अक्का, न्यायला नाही आलो. ठेवायला आलोय.”

ठेवायचं तर तीन कागद लागणार होते. गावातल्या पाच जणांचे जबाब, की ही परदेशी बाई आमच्या गावात राहते. रेशनकार्डातून तिचं नाव कमी केल्याचा दाखला. आणि सासूचं हमीपत्र. तो मजकूर ठरलेला असतो. मी वाचून दाखवला: “मारिसेल ही फिलिपिन्स देशाची नागरिक असून परदेशी आहे. ती माझ्या घरी राहते, तिच्या राहण्याखाण्याची जबाबदारी माझी आहे.”

अक्का खाली बसली. “मनी वहू परकी शे, आसं मी सांगू? मनी जीभ झडी जाई.”

“अक्का, नुसतं कागदापुरतं.”

“कागदवरच ते ऱ्हास ना भाऊ बठ्ठं,” ती म्हणाली. “तिनं नाव मी ठेयेल शे. माले दिखत नही, ती मना डोया शे. आन कार्डमाईन तिनं नाव काढू? मना पोऱ्या गया, त्यानं नाव काढं. आते तिनं काढू?”

कागदावरच तर सगळं राहतं, असं ती म्हणाली. मुलगा मेला तेव्हा त्याचं नाव त्या कार्डातून कमी झालं होतं. जिवंत सुनेचं नाव त्याच रेघेने मारायला ती तयार नव्हती. मी माझ्या टेबलावर भल्याभल्यांना बोलून गार केलंय. तिथे मी पेनाला टोपण लावलं. पाच जबाब घेतले आणि हमीपत्राचा कोरा कागद तसाच घेऊन परत आलो.

चौथ्या दिवशी फोन आला. मारिसेल.

“भाऊ, माझी आई हॉस्पिटलमध्ये आहे. खूप आजारी. जाऊन येऊ का? दहा दिवस.”

परदेशी लोकांशी मी नेहमी वाकड्यातिकड्या वाटेने बोलायचो, वाईट बातमी गोल फिरवून सांगायचो. हिला सरळ सांगितलं. अर्ज अधांतरी असताना देश सोडला की अर्ज आपोआप संपतो. तिकडून नवा व्हिसा मागायचा तर तो नवऱ्याच्या नावावर मागावा लागतो. नवरा नाही. म्हणजे जाता येईल. परत येता येईल याची खात्री कोणी देणार नाही.

“पोरीला घेऊन गेली तर?”

“अक्काचं काय?”

मग ती म्हणाली, “वेळेवर कागद आला असता तर?”

“आतापर्यंत हातात असता. जाऊन आली असतीस.”

हे मी बोलायला नको होतं. पण खरं होतं. आणि ते फोनच्या स्पीकरवर होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अक्का शेजारीच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसच्या दारात तिघी उभ्या. पोरगी, मारिसेल आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून अक्का. पहिल्या एसटीने आल्या होत्या. मी अक्काला खुर्चीवर बसवलं. ती माझ्याकडे तोंड करून बसली. मारिसेल तिच्या पायाशी खाली बसली. माझ्या ऑफिसात खुर्च्या असताना.

“अक्का, सांग ना,” ती म्हणाली. “तू परकी सांगशी, तवय मी घरमा ऱ्हासू.”

अक्काने सुनेचा हात धरला होता. तो सोडला. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “लिखा. परकी शे.”

मी लिहिलं. हमीपत्रावर अंगठा घेतला, कार्डातून नाव कमी करायच्या अर्जावरही.

आता प्रश्न पहिल्या रिपोर्टचा. साहेब म्हणाले, “महाजन, दोन रिपोर्ट. एक म्हणतो नाही, एक म्हणतो आहे. वर काय सांगू? जमादार झोपला होता? की गाव खोटं बोललं? गाव खोटं बोललं म्हटलं तर कारवाई करावी लागेल.”

“साहेब, एक वाक्य सुचलंय.”

“तुमची वाक्यं मला माहीत आहेत.”

“हे बघा तरी.”

मी लिहून दाखवलं: “सदर महिलेस गावात परदेशी म्हणून कोणीही ओळखत नसल्याने पूर्वीच्या चौकशीत तिच्याबाबत माहिती मिळून आली नाही.”

साहेबांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. “यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही साहेब.”

“तेच बघतोय,” म्हणाले, आणि सही केली. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या तोंडून न वाढवता न घटवता निघालेलं ते एकमेव वाक्य असेल.

कागद वर गेला. वर गेला की तो आपल्या हातात नसतो. रोज सकाळी मी कॉम्प्युटर उघडून बघायचो. अर्ज विचाराधीन. विचाराधीन. विचाराधीन.

रेशनकार्डाच्या दाखल्याची मूळ प्रत यायची राहिली होती, ती आबांकडून घ्यायला मी पुन्हा गावी गेलो. दुपारची वेळ. घरासमोर चपलांचा ढीग. मला वाटलं, अक्का गेली.

अक्का आत होती. ओसरीवर गावातल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, गावात कोणी गेलं की बसतात तशा. मध्ये पाटावर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. शेजारी दिवा लावलेला. फोनमध्ये मारिसेलच्या आईला पुरायला नेत होते.

मारिसेल फोनसमोर बसली होती. रडत नव्हती. अक्काने तिचा खांदा धरला होता आणि विचारत होती, “काय दिखस? माले सांग.”

आणि ती सांगत होती. “पेटी खाली ठेयी. भाऊ उभा शे. फुलं टाकी राहिनात. आते माटी टाकी राहिनात.”

मातीचं नाव निघालं तशी अक्काने मोठ्याने हंबरडा फोडला, आणि सगळ्या बायकांनी. ज्या बाईला त्यांनी कधी बघितलं नाही, जिचं नाव एकीलाही म्हणता आलं नसतं, तिच्यासाठी. तिकडची माणसं थांबली. फोनमध्ये तोंडं जवळ आली. तिकडचे लोक इकडे बघत राहिले, इकडच्या बायका तिकडे.

मी बराच वाढवून सांगणारा माणूस आहे, हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. हे मी जरासुद्धा वाढवून सांगितलेलं नाही.

आबा अंगणात कडुलिंबाखाली उभे होते. मला बघून जवळ आले. “भाऊ, आम्ही त्या दिन खरं सांगतूत ते...” एवढंच म्हणाले. मी दाखला घेतला आणि निघालो.

परवानगी आली त्यानंतर आठ दिवसांनी. एक वर्षाची. मी स्वतः प्रिंट काढली आणि बोलावून तिच्या हातात दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, नीट घडी घातली. आता जाता येईल, असं मी म्हणालो. “आता कोणाकडे?” ती म्हणाली.

एक वर्ष म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा सगळं. अर्ज, चौकशी, हमीपत्र. त्या गावात आता जमादार गेला की अर्धं गाव धावत येतं आणि ‘आम्हना गावमा एक परदेशी शे’ असं न विचारता सांगतं. आबा तर तिच्या पासपोर्टचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतात, शेवटचे दोन आकडे चुकवून. आणि अक्का दरवर्षी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून एसटीने जळगावला येते. त्या टेबलासमोर बसते. सुनेचा हात सोडते. हात धरून तिला ते म्हणता येत नाही. भिंतीकडे तोंड करते आणि म्हणते, “परकी शे.” अंगठा झाला की तिचा हात हवेत चाचपत राहतो, सुनेचा हात सापडेपर्यंत.

सांगायचं एवढंच. चौकशीला माणूस दारात आला तर जे आहे ते सांगा. मायेने लपवलेला माणूस आणि पळून गेलेला माणूस, सरकारी रजिस्टरला दोन्ही सारखेच दिसतात. ओसीआयचा अर्ज करता येत असेल तर कापूस निघायची वाट बघू नका.

आणि रिटायर होताना टेबलाचा चार्ज देताना मी नव्या हवालदाराला शिक्के दिले, रजिस्टरं दिली, कपाटाची किल्ली दिली. वर एक सूचना दिली, ती कुठल्याच परिपत्रकात नाही. म्हणालो, “त्या गावची एक आंधळी म्हातारी येईल. बाकी सगळ्यांना थांबव, हरकत नाही. तिचा जबाब मात्र आल्या आल्या लिहून घे. चहापाणी नंतर. हात सोडून तिला फार वेळ बसवायचं नाही.”